विकास आराखड्यात आपली चाळ कुठे आहे?

शहराचा विकास आराखडा म्हणजे बिल्डर, आर्किटेक्ट आणि वॉर्ड ऑफिसातील साहेब यांच्या कामाचा कागद, असे आपल्यापैकी बहुतेकांना वाटते. दिवसभर राबून घरी आलेल्या माणसाला त्या कागदाशी काय कर्तव्य? पण हाच कागद आपली गल्ली रुंद होणार की बंद होणार, मुलांचे मैदान राहणार की जाणार, आणि ज्या खोलीत चळवळीची पहिली बैठक झाली ती खोली उभी राहणार की मातीत मिळणार, हे वीस-वीस वर्षांसाठी ठरवीत असतो. मुंबईचा चालू आराखडा शासनाने २०१८ साली मंजूर केला आणि त्याची मुदत २०३४ सालापर्यंत आहे. त्यात बौद्ध समाजाच्या इतिहासाला कितीशी जागा मिळाली, हा प्रश्न आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आधी आराखडा म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ या कायद्याने प्रत्येक महापालिकेला असा आराखडा करावा लागतो आणि वीस वर्षांतून निदान एकदा तो पुन्हा तपासावा लागतो. नकाशावर प्रत्येक जमिनीचा वापर रंगवलेला असतो. कुठे घरे, कुठे कारखाने, कुठे शाळा, कुठे दवाखाना, कुठे स्मशान. शाळेसाठी किंवा बागेसाठी जी जागा राखून ठेवतात तिला आरक्षण म्हणतात. (हे आरक्षण मात्र कोणाच्या डोळ्यात खुपत नाही, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट!) याच कायद्याच्या कलम २२ मध्ये आराखड्यात काय काय असू शकते याची जंत्री आहे. ऐतिहासिक स्थळे, वारसा इमारती आणि वारसा परिसर यांचे जतन, हा त्या जंत्रीतला एक विषय आहे. म्हणजे इतिहास सांभाळण्याची मागणी करणे ही कोणाकडे मेहेरबानी मागणे नव्हे. ती कायद्यात लिहिलेली गोष्ट आहे.

मुंबईत यासाठी स्वतंत्र नियम २१ एप्रिल १९९५ रोजी लागू झाले. शहरासाठी असे नियम करण्याचा देशातला हा पहिलाच प्रयत्न होता. इमारतींची आणि परिसरांची यादी झाली. पहिली श्रेणी, दुसरी श्रेणी (तिचे अ आणि ब असे दोन भाग) आणि तिसरी श्रेणी अशी प्रतवारी ठरली. पहिल्या श्रेणीच्या इमारतीला बाहेरून-आतून हात लावायचा नाही, दुसरीत थोडी मोकळीक, तिसरीत बरीच मोकळीक. यादीतल्या वास्तूत मोठा फेरबदल करायचा तर प्रकरण वारसा जतन समितीपुढे जाते. नोटीस आणि बुलडोझर यांच्यामध्ये हे आणखी एक दार असते. ते नेहमीच बंद राहते असे नाही. पण दार असले म्हणजे ठोठवावे तरी लागते. दाराचा आवाज झाला की शेजारीपाजारी जागे होतात.

या यादीत बहुतांशी कोणत्या वास्तू आल्या हे मुंबईत फिरणाऱ्या कोणालाही सांगता येईल. फोर्टातल्या दगडी इमारती, न्यायालये, चर्चेस, अग्यारी, देवळे, बँका, बंगले. त्या देखण्या आहेत, त्यांचे जतन व्हावे याबद्दल आमचे दुमत नाही. त्यांचे दगड वाहून नेणारे हात आपल्याच आज्या-पणज्यांचे होते. ओव्हल मैदानाभोवतीच्या इमारतींना २०१८ साली जागतिक वारशाचा मान मिळाला, त्याचा आनंदच आहे. प्रश्न वेगळाच आहे. ज्याला कमान नाही, घुमट नाही, रंगीत काच नाही, त्या इमारतीला इतिहास नसतो काय?

नियम करणाऱ्यांनी तसे लिहिलेले नाही, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. वास्तू यादीत का घ्यावी याच्या ज्या कसोट्या आहेत त्यांत वास्तुकला ही एक कसोटी आहे. परंतु सामाजिक व आर्थिक इतिहासाशी संबंध ही दुसरी स्वतंत्र कसोटी आहे आणि नामवंत व्यक्तीशी किंवा घटनेशी संबंध ही तिसरी. या दोन कसोट्यांवर गिरणगावातील कितीतरी चाळी, सभागृहे, छापखाने उभे राहू शकतात. दार उघडे आहे. त्यातून आत जाणारा अर्ज मात्र आपल्या वस्त्यांतून क्वचितच गेला.

परळची दोन खोल्यांची वास्तू

याचे सर्वांत मोठे उदाहरण परळला आहे. पोयबावडी भागातील बी.आय.टी. चाळ क्रमांक १, दुसरा मजला, खोली क्रमांक ५० आणि ५१. मुंबईत १८९६ साली प्लेगने थैमान घातल्यावर इंग्रज सरकारने १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नावाची संस्था काढली. दाट वस्त्या पाडून रस्ते काढणे आणि कामगारांसाठी चाळी बांधणे हे तिचे काम. त्याच ट्रस्टच्या या चाळीत बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ ते १९३४ अशी बावीस वर्षे राहिले.

बावीस वर्षे! या बावीस वर्षांत काय काय घडले ते नुसते आठवून पाहावे. १९१३ साली सुभेदार रामजींचे निधन झाले आणि त्याच वर्षी बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी निघाले. १९२० साली 'मूकनायक' निघाला. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. तिच्यासाठीची सभा ९ मार्च रोजी जवळच्याच दामोदर हॉलमध्ये भरली होती. १९२७ साली महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला आणि त्याच वर्षाअखेर मनुस्मृतीचे दहन झाले. १९३० साली बाबासाहेब गोलमेज परिषदेला विलायतेला निघाले. या सर्व काळात त्यांचा पत्ता म्हणजे ही चाळ. १९२६ साली लाडक्या राजरत्नाचा मृत्यू झाला, तो घाव माता रमाईंनी सोसला तोही याच काळात. भांडी घासायची मोरी, सामायिक नळ, सामायिक संडास, गॅलरीत वाळत घातलेले लुगडे. राजवाड्यातून निघालेल्या क्रांत्या पुष्कळ असतील. ही क्रांती चाळीच्या जिन्यावरून खाली उतरली.

आता दुसरीकडे पाहा. लंडनमध्ये किंग हेन्रीज रोडवर दहा क्रमांकाचे घर आहे. बाबासाहेब तेथे १९२१-२२ या काळात राहिले. महाराष्ट्र शासनाने ते घर २०१५ साली विकत घेतले आणि त्याचे स्मारक केले. हे उत्तमच झाले. पण पुढची हकीकत नगररचनेच्या दृष्टीने मोठी बोधप्रद आहे. तेथील स्थानिक कौन्सिलने हरकत घेतली. हे घर आराखड्याप्रमाणे राहण्यासाठी आहे, त्याचे संग्रहालय करायचे तर वापर बदलण्याची रीतसर परवानगी हवी, असे तिचे म्हणणे. परवानगी नाकारली गेली, अपील झाले, जाहीर चौकशी झाली, आणि अखेर मार्च २०२० मध्ये ब्रिटिश मंत्र्यांनी परवानगी दिली. कागद पुरा झाला म्हणून ते स्मारक आज उभे आहे. मोठ्यांतल्या मोठ्या माणसाच्या स्मारकालाही जमिनीच्या वापराचा कागद लागतो, हे त्यातून शिकावे.

लंडनला वर्ष-दोन वर्षे मुक्काम होता, त्या घरासाठी एवढे झाले. परळला बावीस वर्षे संसार होता. डिसेंबर २०१९ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी चाळीला भेट दिली, स्मारकाच्या घोषणा झाल्या. आम्ही घोषणांना नावे ठेवीत नाही. मात्र घोषणा वर्तमानपत्रात छापली जाते आणि आरक्षण नकाशावर छापले जाते, यातला फरक आपण ओळखला पाहिजे. सरकार बदलले की घोषणा जुनी होते. नकाशावरची खूण पुसायची तर पुन्हा जाहीर सूचना, हरकती, सुनावणी एवढा सगळा खटाटोप करावा लागतो.

दामोदर हॉलचेच पाहा. ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगची ही वास्तू. कामगार रंगभूमीचे माहेर आणि आपल्या चळवळीच्या दृष्टीने बहिष्कृत हितकारिणी सभेचे जन्मस्थान. तेथील नाट्यगृह २०२३ च्या अखेरीस पुनर्विकासासाठी बंद झाले तेव्हा नाट्यकलावंत रस्त्यावर आले. आधीच्याएवढे नाट्यगृह पुन्हा बांधून द्या, ही त्यांची मागणी रास्तच होती. त्या गलबल्यात ९ मार्च १९२४ च्या सभेची आठवण किती जणांनी काढली? कलावंतांनी आपला वारसा मागितला. आपला आपणच मागायचा होता.

घर हवे, की वारसा?

इथे आमचे काही वाचक चिडतील. ते म्हणतील, "तुम्हाला लिहायला काय जाते? शंभर-दीडशे फुटांच्या खोलीत सात माणसे झोपतात. रात्री म्हातारीला संडासला न्यायचे तर गॅलरीच्या टोकापर्यंत जावे लागते. छताचे पोपडे अंगावर पडतात. आम्हाला घर पाहिजे. तुमचा वारसा घेऊन आम्ही काय चुलीत घालू?"

हा राग खरा आहे आणि त्याला उत्तर दिल्याशिवाय वारशाची भाषा बोलण्याचा कोणालाही हक्क नाही. बी.डी.डी. चाळींचे उदाहरण घेऊ. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० नंतरच्या काही वर्षांत या चाळी उभारल्या. वरळीला १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गाला ३२ आणि शिवडीला १२, अशा एकूण २०७. तळमजला आणि वर तीन मजले, एका चाळीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. यांतील पहिल्या तीन ठिकाणांचा पुनर्विकास म्हाडाने हाती घेतला आहे. शिवडीची जमीन बंदर प्राधिकरणाची, म्हणून तेथला प्रश्न मागे राहिला. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. चार पिढ्यांनंतर घरात स्वतःचा संडास आला. ज्या माउलीने आयुष्यभर रांगेत बादली धरली, तिला त्या किल्लीची किंमत विचारा. या चाळी होत्या तशाच ठेवा असे कोणी म्हणत असेल, तर त्याने आधी तेथे एक पावसाळा काढावा आणि मग बोलावे.

पण याच चाळींनी दलित पँथरचा काळ पाहिला. जानेवारी १९७४ मध्ये वरळीत पँथरच्या सभेनंतर दंगल पेटली. त्याच महिन्याच्या १० तारखेला परळ भागातील मोर्चात भागवत जाधव शहीद झाले. याच चाळींतून लाल बावट्याचे मोर्चे निघाले, गिरणी संपाच्या दिवसांत याच गॅलऱ्यांत एकमेकांच्या घरी डबे गेले, याच चाळींच्या मैदानांत भीमजयंतीच्या रात्री गायनपार्ट्यांचे सामने पहाटेपर्यंत चालले. हे सारे चाळीबरोबर जाऊ द्यायचे काय?

घर आणि वारसा यांत भांडण लावून देणे हा सोयीचा डाव आहे. वास्तविक हे भांडण नाहीच. २०७ चाळींपैकी एक चाळ, किंवा चाळीचा एक मजला, जशीच्या तशी राखून कामगार वस्तीचे संग्रहालय करणे ही अशक्य गोष्ट नव्हे. त्यासाठी एकाही कुटुंबाला हक्काचे घर गमवावे लागत नाही. नव्या मांडणीत बुद्धविहाराची जागा कुठे, सभेचे मैदान किती, ज्या कोपऱ्यावर कार्यकर्ता पडला तेथे शिळा बसणार की पार्किंगचा उतार येणार, हे सर्व मांडणीच्या नकाशात ठरते. म्हणून तो मंजूर होण्याआधीच बोलायचे असते. इमारत बावीस मजले चढल्यावर निवेदन देऊन काही मिळत नाही.

घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरापुढे आज नेमका हाच प्रश्न आहे. ११ जुलै १९९७ रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेचा निषेध करायला जमलेल्या लोकांवर राखीव पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा जणांचे बळी घेतले. दर वर्षी ११ जुलैला तेथे अभिवादनासाठी लोक जमतात. आता पूर्व मुक्त मार्ग ठाण्यापर्यंत न्यायचा आहे, त्यानिमित्ताने रमाबाई नगर आणि कामराज नगर मिळून सुमारे १७ हजार झोपड्यांच्या पुनर्विकासाची मोठी योजना सुरू झाली आहे. पक्की घरे मिळणार, चांगली गोष्ट आहे. पण पुतळा कुठे राहणार? रक्त सांडले ती जागा नव्या मांडणीत कोणत्या रंगाने दाखवली आहे? रस्त्याच्या, दुकानाच्या, की स्मारकाच्या? तेथील तरुण मंडळांनी हा एकच प्रश्न लेखी विचारावा आणि उत्तरही लेखीच घ्यावे. तोंडी आश्वासनाला वॉर्ड ऑफिसात इनवर्ड नंबर मिळत नाही.

लेण्यांभोवतीचे लोक

आपला वारसा शंभर वर्षांचाच आहे असे नाही. मुंबईच्या हद्दीत भगवान बुद्धांचा धम्म दोन हजार वर्षांपूर्वी नांदत होता. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची शंभरावर लेणी आहेत. अंधेरीला कोंडिविटे येथे एकोणीस लेणी आहेत. त्यांतील चैत्यगृहात गोल दालनात स्तूप आहे आणि भिंतीवर ब्राह्मी लेख आहे. लोक त्यांना महाकाली गुंफा म्हणतात. बुद्धलेण्यांना पुढे कोणती नावे चिकटली याचा वेगळा लेख होईल. तूर्त तो विषय राहू द्या.

तिसरे ठिकाण बोरिवली पूर्वेचे मागाठाणे. कान्हेरीच्या एका शिलालेखात मंगलस्थान गावच्या शेताच्या दानाचा उल्लेख आहे; तेच हे मागाठाणे, असे अभ्यासक मानतात. म्हणजे या गावचे शेत पिकत होते आणि डोंगरावरच्या भिक्खूसंघाचे पोट भरत होते. आज येथील लेण्यांना घरांनी आणि बांधकामांनी वेढले आहे. बुद्धमूर्ती झिजल्या, ओल चढली. एप्रिल २०२२ पासून मेट्रो येथे थांबते. डब्यातला आवाज मागाठाणे स्थानक आल्याची वर्दी देतो, हजारो लोक उतरतात, आणि पलीकडे बुद्धलेणे आहे हे त्यातल्या फारच थोड्यांना ठाऊक असते. मेट्रोसाठी जागा नकाशावर आधी दाखवली गेली होती, म्हणून ती मोकळी झाली. लेण्यासाठी, लेण्यापर्यंतच्या वाटेसाठी आणि भोवतीच्या कुटुंबांच्या पर्यायी घरांसाठी तशीच आखणी वेळीच झाली असती तर हा वेढा पडला नसता.

इथे एक गोष्ट निक्षून सांगायची आहे. केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकांबाबत २०१० साली कायद्यात दुरुस्ती झाली. स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करण्यास मनाई, त्यापुढील २०० मीटरपर्यंत परवानगीनेच बांधकाम. नियम चांगल्या हेतूचा आहे. पण अशा स्मारकांभोवती बहुधा राहतो कोण? हातावर पोट असलेला माणूस. त्याला छप्पर दुरुस्त करायचे तरी परवानगी, आणि पुनर्विकासाचा तर मार्गच खुंटतो. उलट यादीतल्या वारसा इमारतीच्या मालकाला वाढीव बांधकामाचा हक्क गमवावा लागला तर त्याचा मोबदला टीडीआर म्हणून मिळण्याची तरतूद नियमांत आहे. मालकाला मोबदला, झोपडीला मनाई. वारसा सर्वांचा आणि त्याची किंमत मात्र गरिबाने मोजायची, हा न्याय आम्हाला मान्य नाही. लेणी वाचवायची म्हणून आपल्याच बांधवांची झोपडी उठवा, असे म्हणणाऱ्यांच्या मागे आपण जाऊ नये. जवळच पक्के घर आधी, स्थलांतर नंतर, ही अट आराखड्यातच लिहून घ्यावी लागेल.

स्वस्त घराच्या शोधात आपली कितीतरी कुटुंबे नालासोपारा-विरारकडे गेली. त्यांच्या दारातच सोपाऱ्याचा स्तूप आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो उकरला तेव्हा धातुकरंडक आणि बुद्धांच्या आठ लहान मूर्ती मिळाल्या. सम्राट अशोकाच्या शिलालेखाचे तुकडेही सोपाऱ्याच्याच परिसरात सापडले. तेथील महापालिकेचाही आराखडा असतो, हे त्या बाजूच्या वाचकांनी ध्यानात घ्यावे.

लढून मिळाले ते, आणि हातचे गेले ते

आपण मागू शकत नाही, असे नाही. इंदू मिलचा लढा सर्वांच्या स्मरणात आहे. चैत्यभूमीलगतची ती गिरणीची साडेबारा एकर जमीन. ६ डिसेंबर २०११ रोजी कार्यकर्ते आत शिरले, वर्षभर आंदोलन धगधगत राहिले, डिसेंबर २०१२ मध्ये केंद्र सरकारने संपूर्ण जमीन स्मारकासाठी देण्याचे संसदेत जाहीर केले आणि ११ ऑक्टोबर २०१५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन झाले. गिरणीच्या जमिनीचा वापर बदलून ती स्मारकासाठी दाखवण्याकरिता आराखड्यात फेरबदल करावा लागला. रस्त्यावर लढाई झाली आणि शिक्का नकाशावर उमटला. दोन्ही लागतात.

तरीही एक खंत बोलून दाखवतो. उंच पुतळ्यासाठी आपण जेवढे पेटून उठतो तेवढे जुन्या भिंतीसाठी उठत नाही. २५ जून २०१६ च्या पहाटे दादरचे आंबेडकर भवन आणि बुद्धभूषण प्रिंटिंग प्रेस जमीनदोस्त झाले. इमारत धोकादायक होती, नवी टोलेजंग इमारत बांधायची होती, अमक्याचा हक्क, तमक्याचा ट्रस्ट, असे वाद पुष्कळ झाले. त्यांत आम्ही येथे शिरत नाही. ज्या छापखान्याशी बाबासाहेबांच्या वृत्तपत्रांचे नाव जोडलेले, तो सकाळी लोक जागे होण्याच्या आत ढिगारा झाला. जुलैत लाखोंचा मोर्चा निघाला. मोर्चा मोठा होता. तोवर भिंती पडून गेल्या होत्या. नवी इमारत कितीही मजल्यांची बांधता येते. ज्या फरशीवर टाइप जुळवले गेले ती फरशी पुन्हा बांधता येत नाही.

आणि वारसा म्हणजे केवळ विटा नव्हेत. ६ डिसेंबरला खेड्यापाड्यांतून आलेली माणसे शिवाजी पार्कच्या मातीवर झोपतात, मैदानात पुस्तकांचे शेकडो स्टॉल लागतात, फाटक्या धोतरातला माणूस दहा रुपयांची पुस्तिका विकत घेऊन छातीशी धरतो. नकाशावर ते मैदान फक्त हिरवे दिसते. त्या दिवसांत ते आपली धर्मशाळा असते, भोजनशाळा असते आणि ग्रंथालयही असते. पाणी, संडास, निवारा यांची दरवर्षी नव्याने मनधरणी करावी लागते, कारण या वापराची कायम नोंद घेण्याची सवय नगररचना खात्याला नाही. ती सवय लावावी लागेल.

आता करायचे काय?

मच्छीमार बांधवांकडे आणि गावठाणांतल्या लोकांकडे पाहावे. चालू आराखडा तयार होत असताना त्यांच्या लक्षात आले की आपले कोळीवाडे नकाशावर नीट दाखवलेलेच नाहीत, काहींवर झोपडपट्टीचा शेरा आहे. ते गप्प बसले नाहीत. हद्दी मोजा, सीमांकन करा, असा आग्रह त्यांनी धरला. फेब्रुवारी २०१५ मध्ये जो पहिला प्रारूप आराखडा आला तो इतक्या चुकांनी भरला होता की ६० हजारांहून अधिक हरकती व सूचना आल्या आणि एप्रिल महिन्यात मुख्यमंत्र्यांना तो नव्याने करण्याचा आदेश द्यावा लागला. साध्या नागरिकांच्या अर्जांनी एवढ्या मोठ्या शहराचा नकाशा मागे फिरवला! त्या अर्जांत आपल्या विहारांचे, आपल्या चाळींचे किती असतील?

पुढच्या आराखड्याचे काम २०३४ उजाडल्यावर सुरू होणार नाही. त्याच्या कितीतरी वर्षे आधी विद्यमान जमीन वापराचा नकाशा तयार होतो, म्हणजे आज कुठे काय उभे आहे याची मोजदाद. मागच्या वेळी हे काम २०१२ च्या सुमारास लोकांपुढे आले होते. खरी मेख तिथे आहे. मोजणीला आलेल्या माणसाने विहाराची नोंद 'पत्र्याची शेड' अशी केली, तर पुढची वीस वर्षे ती शेडच. म्हणून प्रत्येक विहार समितीने आतापासूनच आपल्या जागेची फाईल करावी. मधल्या काळातही काम थांबत नाही: वस्तीचा पुनर्विकास निघाला की मांडणीचा नकाशा बनतो, वारसा यादीत नवे नाव घालण्याची मागणी कधीही लेखी करता येते, आणि आराखड्यात किरकोळ फेरबदल करायचा झाल्यास त्याची जाहीर सूचना निघते. ती वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात बारीक टाइपात असते. आपल्या घरांतल्या शिकलेल्या मुला-मुलींनी सिनेमाचे पान वाचून झाल्यावर तिकडेही नजर टाकावी.

फाईलमध्ये काय घालायचे? पुरावा बहुतेक घरांतच पडलेला असतो. जुनी भाडेपावती, जयंती मंडळाची वर्गणी-पावती, सभेचे हँडबिल, विहाराच्या कोनशिलेचा फोटो, मंगल परिणयाची पत्रिका, जिच्यावर चाळीचा पत्ता छापलेला असतो. आजीला विचारा. धम्मदीक्षेच्या आधी घरातले देव कोणत्या विहिरीत सोडले, रात्रशाळा कोणाच्या खोलीत भरायची, महिला मंडळाची पहिली बैठक कोणाच्या गॅलरीत झाली, हे पुरुषांपेक्षा बायांना जास्त ठाऊक असते. घरातल्या आठवी-नववीच्या मुलीने वही घेऊन बसावे, आजी सांगेल ते तारखेनिशी उतरवावे, खाली आजीचा अंगठा किंवा सही घ्यावी. चाळीचा साधा नकाशा हाताने काढावा आणि त्यात त्या त्या खोलीला खूण करावी. आठवणीला कागदाचा आधार मिळाला की साहेबाला ती टाळता येत नाही.

अर्ज एका माणसाच्या नावाने देऊ नये. मंडळ, विहार समिती आणि महिला मंडळ असे तिघांचे अर्ज वेगवेगळे द्यावेत, कारण मोजताना अर्ज मोजले जातात. भाषा साधी ठेवावी: जागेचा पत्ता, सिटी सर्व्हे नंबर, येथे कोणती घटना घडली, आमची मागणी काय. नियमातील कसोटीचे शब्द, सामाजिक व आर्थिक इतिहासाशी संबंध, व्यक्ती अथवा घटनेशी संबंध, तसेच्या तसे लिहावेत. सुनावणीची तारीख आली तर म्हाताऱ्या माणसांना बरोबर न्यावे. त्या दिवशीचा खाडा पडेल, तो मंडळाने भरून द्यावा. आणि अर्जाची दुसरी प्रत सोबत ठेवून तिच्यावर शिक्का, तारीख व आवक क्रमांक पडल्याशिवाय खिडकी सोडू नये.